आधी घोड्याचा दिवस आखा, मग कार्यक्रम: तबेले आणि घोडेस्वारी शाळा चालवणाऱ्यांना खुले पत्र

तबेल्यांचे संचालक, व्यवस्थापक आणि प्रशिक्षक यांना,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की तुमच्याकडे कार्यक्रमांची लगबग सुरू होते. कुठे तबेला सगळ्यांसाठी खुला ठेवण्याचा दिवस, कुठे मुलांचे शिबिर, कुठे बाहेरून नावाजलेल्या प्रशिक्षकाला बोलावून दोन-तीन दिवसांचे क्लिनिक, म्हणजे स्वार आणि घोड्यांसाठीचे खास प्रशिक्षण. मी स्वतः स्वारी करते आणि अशा कार्यक्रमांत बरीच वर्षे स्वयंसेवक म्हणून राबते. रांगा लावते, हेल्मेटचे पट्टे नीट बसवते, घोडे धरून उभी राहते. त्यामुळे हे पत्र अशा कार्यक्रमांच्या विरोधात आहे असे कृपया समजू नका. ते व्हायलाच हवेत. ते बंद पडले तर घोडा फक्त ज्यांना पाळणे परवडते त्यांचाच उरेल. माझे म्हणणे एवढेच, की आखणी चुकीच्या टोकाकडून सुरू होते. माणसे किती येतील, फेऱ्या किती बसतील, पाहुण्यांना कोणत्या तारखा जमतील, हे सगळे आधी ठरते. घोड्याच्या दिवसाचा विचार सर्वांत शेवटी, उरल्यासुरल्या जागेत होतो. तो सर्वांत आधी व्हावा म्हणून हे लिहीत आहे.

दारे उघडी ठेवण्याचे मोल या खेळाच्या इतिहासानेच दाखवून दिले आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजची, म्हणजे घोड्याकडून ठरावीक हालचाली अचूक करून घेण्याची, स्पर्धा पहिल्यांदा स्त्रियांना खुली झाली आणि त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेलने रौप्यपदक मिळवले. १९४४ मध्ये तिला पोलिओ झाला होता. गुडघ्याखाली पायांत बळ उरले नव्हते, घोड्यावर चढायला आणि उतरायला दुसऱ्याचा आधार लागायचा. १९५६ मध्ये तिने पुन्हा रौप्य जिंकले. उपचार म्हणून घोडेस्वारी, ही कल्पना जगभर रुजली त्यात तिच्या उदाहरणाचा मोठा वाटा आहे, आणि १९९६ पासून पॅरालिंपिकमध्येही ड्रेसाज आहे. एखाद्या खुल्या दिवशी कुंपणाला टेकून नुसती बघत उभी राहिलेली मुलगी उद्या काय करून दाखवेल ते आज कुणालाच सांगता येत नाही. तिला आत यायला वाट हवी, हे मला पूर्ण मान्य आहे.

आता त्याच दिवशी घोड्याकडे पाहू या. सकाळी नेहमीच्या विद्यार्थ्यांचा तास झालेला असतो. खोगीर न उतरवताच पाहुण्यांच्या फेऱ्या सुरू होतात. दुपारी फोटोसाठी उभे राहायचे, संध्याकाळी प्रात्यक्षिकात रिंगणात उतरायचे. सगळ्या घोड्यांवर हे ओझे सारखे पडत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. जो बुजतो, जो पाय उगारतो, तो आत बांधलेला राहतो. जो गरीब स्वभावाचा, लहान मुलांना सांभाळून घेणारा, तो दिवसभर राबतो. चांगल्या स्वभावाची ही अशी परतफेड होते आणि ती वर्षानुवर्षे होत राहते.

अशाच एका दिवशी माझ्या हातात एक पांढरी घोडी होती. सकाळी तिची मान सैल होती, कान कधी माझ्याकडे तर कधी पाठीवरच्या मुलाकडे वळत होते. दुपार कलली तशी ती बदलत गेली. खोगिराचा पोटाखालचा पट्टा (तंग) घट्ट करायला हात गेला की ती मान वळवून दात दाखवू लागली. कान मागे पडले ते पुढे येईनात. डोळ्यावरची पापणी ताणली गेली, नाकपुड्यांशी सुरकुती पडली, जबड्याचा स्नायू हाताला लाकडासारखा लागू लागला. तिची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराने मान हलवली आणि म्हणाला, "आता हिला सोडा, ही दमली." आयोजकांनी रांगेकडे बोट दाखवले. रांग लांब होती, म्हणून घोडी चालत राहिली. काही विपरीत घडले नाही, कुणी पडले नाही, आणि संध्याकाळी कार्यक्रम छान झाला असे सगळे म्हणाले.

अपघात झाला नाही म्हणजे सगळे ठीक झाले, हा हिशोब मला खटकतो. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. दुखणे लपवणे त्याच्या रक्तातच आहे. पण तो अगदीच मुका नाही. २०१४ मध्ये संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात सहा खुणा आहेत: मागे ताठ झालेले कान, आकसलेले डोळे, डोळ्यांवरचा ताण, चावण्याच्या स्नायूंचा ताण, आवळलेले तोंड आणि ताणलेल्या नाकपुड्या. त्या पांढऱ्या घोडीच्या चेहऱ्यावर त्यांतल्या बहुतेक खुणा होत्या. मोतद्दाराला त्या वाचायला कुठलाही कागद लागला नाही. अडचण एवढीच होती, की थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता.

घोड्याच्या पोटाचेही असेच आहे. माणसाच्या पोटात आम्ल जेवणाच्या वेळी जास्त सुटते, घोड्याच्या जठरात ते चोवीस तास सुटत राहते, कारण निसर्गाने त्याला दिवसभर थोडे थोडे चरणारा प्राणी केले आहे. चारा चावताना जी लाळ सुटते ती या आम्लाचा जोर कमी करते. चार-सहा तास चारा मिळाला नाही आणि वर काम करावे लागले, की आम्ल उसळून जठराच्या वरच्या, संरक्षण नसलेल्या भागाला लागते. व्रण होतात ते असे. म्हणून फेऱ्यांच्या मध्ये दहा मिनिटे उभे करून घेतले म्हणजे विश्रांती दिली असे होत नाही. खोगीर उतरले पाहिजे, तोंडातून बिट (लगामाला जोडलेली दांडी) निघाले पाहिजे, पुढ्यात वैरण आणि पाणी आले पाहिजे. कामाआधी दोन-चार मुठी वैरण खाऊ घातली तरी पोटाला आधार होतो. ही खर्चाची बाब नाही, वेळापत्रकात जागा ठेवण्याची बाब आहे.

पाठीवरच्या वजनाबद्दल तर आपण बोलायलाच कचरतो. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याच्या आत राहावे, असा ढोबळ नियम बहुतेक ठिकाणी पाळला जातो. कमी अनुभवाच्या, तोल न सांभाळता येणाऱ्या माणसासाठी तो आणखी खाली आणायला हवा, कारण डुगडुगणारे ओझे स्थिर ओझ्यापेक्षा पाठीला जड जाते. ४०० किलोच्या घोड्यावर ८० किलो म्हणजे खोगिरासकट, हे नोंदणीच्या वेळीच सांगितले तर कुणाचा पाणउतारा होत नाही. पाणउतारा होतो तो रांगेत तासभर उभे राहिल्यावर, सगळ्यांसमोर नाही म्हटले जाते तेव्हा. वजनाची मर्यादा जाहिरातीतच छापा आणि ज्यांना बसता येणार नाही त्यांच्यासाठी जमिनीवरून करण्यासारखे काहीतरी खरोखर चांगले ठेवा.

ते "काहीतरी" काय असावे, यावर मी बराच विचार केला आहे आणि माझा अनुभव असा, की लोकांना फेरीपेक्षा तेच जास्त आवडते. नालबंद नाल ठोकतो ते दाखवा. जुनी नाल निघते, खुराची वाढलेली कड कानशीने घासली जाते, आणि गरम नाल टेकवली की धूर निघतो तेव्हा पुढे सरसावलेली मुले एकदम मागे होतात, मग एकेक जण विचारतो, याला दुखत नाही का? तिथून खुराच्या आतली रचना, मधला मऊ त्रिकोणी भाग, जमिनीवर पाय पडताना तो काय करतो, असे बोलणे आपोआप सुरू होते. एका पशुवैद्याने स्टेथोस्कोप मुलांच्या कानाला लावून घोड्याच्या हृदयाचे ठोके मोजायला लावले होते. स्वस्थ उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात, म्हणजे मुलांच्या स्वतःच्या ठोक्यांच्या निम्म्याच्या आसपास. दोन ठोक्यांमधल्या त्या लांब थांब्याने मुले चक्रावून गेली होती. एका पोराने तर वर बघून विचारले, "थांबलं का?" खरारा करणे, दोरी धरून घोड्याला शेजारून चालवणे, त्याला वळवणे, थांबवणे, हे सगळे स्वारीच आहे, फक्त पाय जमिनीवर असतात. ज्याला घोड्याशेजारी चालता येत नाही त्याला वर बसवून गोल फिरवण्यात फोटोपलीकडे काय साधते, याचा एकदा विचार व्हावा.

गर्दीच्या मांडणीकडेही घोड्याच्या नजरेने पाहावे लागते. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ ३५० अंशांत दिसते. दिसत नाही ते थेट पाठीमागचे आणि अगदी नाकाखालचे. शेपटीकडून धावत आलेले मूल त्याच्या लेखी एकाएकी उगवते, आणि कपाळाकडे एकदम आलेला हातही तसाच. त्याला आपल्याहून कितीतरी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात. आपल्याला जो कर्णा नुसता कर्कश वाटतो तो त्याला काय वाटत असेल, याची कल्पना आपल्याला करता येणार नाही. म्हणून कर्णे तबेल्याकडे तोंड करून लावू नका, फुगे रिंगणाच्या आसपास नकोत, आणि घोड्यापर्यंत जायची वाट एकच असावी, समोरच्या बाजूने, खांद्याच्या दिशेने येणारी. संध्याकाळी कार्यक्रम लांबला तर दिवे आणि आवाज तबेल्यापासून दूर ठेवा. घोडा उभ्या उभ्या डुलकी घेतो हे खरे, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ तरी आडवे व्हावे लागते, आणि सुरक्षित वाटल्याशिवाय तो आडवा होत नाही.

आता क्लिनिककडे वळते, कारण तिथे मला सर्वांत जास्त आशा वाटते आणि सर्वांत जास्त काळजीही.

चांगले क्लिनिक म्हणजे काय, ते मी पाहिले आहे. एक स्वार अशी तक्रार घेऊन आली होती, की तिचा घोडा लगामावर जोर देऊन हात जड करतो, मान वर काढतो, ऐकत नाही. बाहेरून आलेल्या प्रशिक्षिकेने तिला उडी, दुडकी काही करू दिले नाही. आधी नाकपट्ट्याखाली दोन बोटे घालायला सांगितली. एकही जाईना. पट्टा दोन भोके सैल झाला. मग पाच पावले चाल आणि थांब, पुन्हा पाच पावले आणि थांब, एवढेच बराच वेळ चालले. प्रत्येक वेळी एकच सूचना: घोडा थांबला रे थांबला, की त्याच क्षणी बोटे सैल सोड. स्वाराची बोटे उशिरा सुटत होती. घोडा थांबायचा, तरी लगाम ताणलेलाच, मग तो पुन्हा मान वर करायचा. बोटे वेळेवर सुटू लागली तशी मान खाली आली. कुंपणाबाहेर बसलेल्या आम्हा सगळ्यांना दिसले, की बदलले कोण ते.

घोडा शिकतो तो दाब सुटण्यातून. पोटरीचा दाब पडला, तो पुढे निघाला, आणि लगेच दाब सुटला, तर त्याला उत्तर बरोबर आल्याचे कळते. सुटायला उशीर झाला तर त्याने नेमके काय बरोबर केले ते त्याला समजत नाही, आणि दाब सुटलाच नाही तर तो हळूहळू उत्तर देणेच सोडतो. मग आपण त्याला मठ्ठ म्हणतो आणि टाच मारतो. ही गोष्ट दोन दिवसांत समजावता येते, पण हातात मुरायला महिने लागतात. म्हणूनच रविवारी संध्याकाळपर्यंत घोडा बदलून दाखवू, अशी हमी देणारी क्लिनिके मला नकोशी वाटतात. गोल कुंपणात घोड्याला दमेपर्यंत पळवायचे, पळायला जागा नाही हे त्याला उमगेपर्यंत भीतीच्या वस्तू अंगावर नाचवायच्या, आणि तो निश्चल उभा राहिला की टाळ्या घ्यायच्या. तो शांत झालेला नसतो, त्याने हार मानलेली असते. दोन्हींत फरक ओळखणारी माणसे तुमच्याकडे आहेत. पाहुण्यांना बोलावण्याआधी त्यांचे काम जाऊन पाहून यायला त्यांना पाठवा.

दुसरी काळजी अनोळखी घोड्यांची. स्वतःचा घोडा नसलेल्यांना क्लिनिकमध्ये तबेल्यातला घोडा दिला जातो. हेतू चांगला आहे. पण स्वार नवखा, घोडा अनोळखी, वरून प्रेक्षक आणि नावाजलेला प्रशिक्षक, एवढे सगळे एकदम आले की काय होते ते टोकियो ऑलिंपिकच्या मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळ मिळून होणाऱ्या स्पर्धेने जगाला दाखवले. त्या खेळात चिठ्ठीने मिळालेल्या घोड्यावर बसायचे आणि ओळखीसाठी फक्त २० मिनिटे मिळायची, अशी पद्धत होती. २०२१ मध्ये झालेल्या त्या स्पर्धेत आघाडीवर असलेल्या स्वाराचा घोडा उडी मारायला तयारच होईना. रडणारी स्वार, घाबरलेला घोडा आणि बाहेरून त्याला मारायला सांगणारी प्रशिक्षक, हे दृश्य सगळ्या जगाने पाहिले. त्यानंतर झालेल्या निर्णयामुळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर त्या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकली गेली. आपल्या शाळांमध्ये एवढे टोकाचे होत नाही, पण बीज तेच असते. क्लिनिकसाठी घोडा द्यायचा असेल तर त्या स्वाराला आधीच्या आठवड्यांत त्याच घोड्यावर काही तास बसू द्या. तेवढा वेळ नसेल तर त्याला प्रेक्षक म्हणून बोलवा. कुंपणाबाहेर वही घेऊन बसणारा माणूस क्लिनिकमधून सर्वांत जास्त घेऊन जातो, असे माझे मत आहे, आणि त्याच्यासाठी सावलीत खुर्ची, ऐकू येईल असा आवाज आणि प्रश्न विचारायला वेळ ठेवणे फार सोपे आहे.

हट्टी म्हणून ज्याला क्लिनिकला आणले जाते त्या घोड्याबद्दलही बोलले पाहिजे. २०१८ मध्ये सू डायसन या पशुवैद्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठीवर स्वार असताना घोडा दाखवतो अशा २४ वागणुकींची यादी मांडली. शेपूट वारंवार फटकारणे, तोंड उघडणे, डोके झटकणे, अडखळणे, अशा. त्यांतल्या ८ किंवा अधिक दिसल्या तर हाडा-स्नायूंचे दुखणे असण्याची शक्यता बरीच वाढते, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे ज्याला आपण नखरे म्हणतो ती कित्येकदा तक्रार असते. क्लिनिकच्या नोंदणीबरोबर दात कधी तपासले, नाल कधी ठोकली, खोगीर याच घोड्याच्या पाठीला बसते का, एवढे तीन प्रश्न विचारा. पाठीला न बसणारे खोगीर घालून दुनियेतला कुठलाही प्रशिक्षक त्या घोड्याला शिकवू शकणार नाही.

आता मोतद्दारांविषयी, आणि हे मी जरा आवर्जून लिहिते. घोड्याच्या सहवासात सर्वांत जास्त वेळ कोण असते? स्वार तासभर येतो, प्रशिक्षक चार-पाच तास. मोतद्दार पहाटेच्या चाऱ्यापासून रात्रीच्या पाण्यापर्यंत असतो. कुठल्या घोड्याने आज पाणी कमी प्यायले, कुणाची लीद बदलली, कुणाचा मागचा पाय किंचित गरम लागतो, हे त्याच्या हाताला आधी कळते. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटदुखी त्याच्या जिवावर बेतू शकते, आणि ती पहिल्यांदा लक्षात येते ती याच माणसाच्या. तरीही क्लिनिकच्या दोन्ही दिवशी तो खोगिरे उचलत आणि लीद काढत फिरत असतो, आणि पाहुणे प्रशिक्षक जे सांगतात त्यातला एक शब्द त्याच्या कानावर पडत नाही. पाहुणे निघून गेल्यावर मात्र त्यांनी सांगितलेले रोज अमलात कोण आणणार? तोच. प्रत्येक क्लिनिकमध्ये मोतद्दारांसाठी एक सत्र ठेवा, त्यांच्या भाषेत, कामाच्या वेळात, पगार न कापता. आणि त्यांनाही बोलू द्या. पाहुण्यांनी पहिला तास घोड्यांविषयी त्यांच्याकडून ऐकून घेतला तर पुढचे दोन दिवस वेगळे जातील.

तुमच्या घरच्या प्रशिक्षकांचेही तेच. बाहेरचा माणूस येऊन एक सांगतो, सोमवारी घरचे प्रशिक्षक दुसरे सांगतात, आणि विद्यार्थी मध्ये लोंबकळतो. घोडा तर त्याहून जास्त. दोघांनी आधी भेटावे, कोणत्या घोड्यावर आणि कोणत्या स्वारावर काय काम चालले आहे ते बोलावे, आणि क्लिनिक संपल्यावर प्रत्येक स्वाराच्या नावे पुढच्या महिन्याभराचे चार ओळींचे टिपण घरच्या प्रशिक्षकांच्या हाती पडावे. क्लिनिकनंतरचा एक दिवस घोड्यांना पूर्ण सुट्टी, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगते.

सुरक्षिततेवर फार लिहीत नाही, कारण बहुतेक ठिकाणी हेल्मेटची सक्ती आलेली आहे. ती फक्त नवख्यांपुरती ठेवू नका. अमेरिकेची ऑलिंपिक ड्रेसाज स्वार कोर्टनी किंग-डाय २०१० मध्ये साध्या सरावात घोडा अडखळल्याने पडली. डोक्यावर हेल्मेट नव्हते, आणि मेंदूला झालेल्या इजेने तिची कारकीर्द बदलून गेली. २०२१ पासून आंतरराष्ट्रीय ड्रेसाजमध्येही उंच टोपी गेली आणि हेल्मेट आले. प्रात्यक्षिक करणाऱ्या तुमच्या सर्वांत अनुभवी स्वाराच्या डोक्यावर ते नसेल तर रांगेतल्या मुलांना तुम्ही काय शिकवता? आणि एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी ते बाद करा, भाड्याच्या पेटीत परत ठेवू नका.

रोगाच्या बाबतीत मात्र अजून ढिलाई आहे. बाहेरचे घोडे एकत्र येतात तिथे एक आजारी घोडा पुरतो. २०२१ च्या फेब्रुवारीत स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया येथे एका स्पर्धामालिकेत घोड्यांच्या हर्पिस विषाणूची साथ पसरली. १८ घोडे दगावले आणि युरोपच्या मुख्य भूमीवरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा काही आठवडे थांबवाव्या लागल्या. तिथे तर पशुवैद्यांची फौज होती. आपल्या क्लिनिकमध्ये बाहेरून आलेला घोडा उतरतो आणि थेट शेजारच्या घोड्याच्या बादलीत तोंड घालतो. येणाऱ्या प्रत्येक घोड्याचे तापमान सकाळ-संध्याकाळ घेऊन लिहून ठेवा. निरोगी घोड्याचे ते साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. बादल्या, खरारे, बिट वेगवेगळे ठेवा. ताप असलेल्या घोड्याच्या मालकाला परत पाठवताना त्याचे पैसे परत द्या, म्हणजे पुढच्या वेळी तो ताप लपवणार नाही.

पैशाचा मुद्दा निघालाच आहे, तर थांबवण्याचा अधिकार कुणाकडे असावा तेही सांगते. प्रत्येक कार्यक्रमात एका माणसाचे नाव आधी जाहीर करा, ज्याने "हा घोडा आता बाहेर" म्हटले की चर्चा संपते. तो माणूस तिकिटे विकणारा नसावा आणि पाहुण्यांना बोलावणाराही नसावा. पशुवैद्य असेल तर उत्तम, नसेल तर तुमचा सर्वांत जुना मोतद्दार. फार उकाडा असेल, जमीन निसरडी असेल, तर पूर्ण कार्यक्रम पुढे ढकलायचा अधिकारही त्यालाच द्या. पैसे परत मिळतील की तारीख बदलेल, हे नोंदणीच्या कागदावर स्पष्ट लिहिलेले असले की लोक समजून घेतात. लोक चिडतात ते आयत्या वेळी उत्तर मिळत नाही म्हणून.

यातले बरेच तुमच्यापैकी काहीजण आधीपासून करत असतील. त्यांनी आपली पद्धत इतरांना दाखवावी, तबेल्यांनी एकमेकांकडे जाऊन पाहावे. फेऱ्या कमी झाल्या तर उत्पन्न घटेल ही भीती मला कळते. चारा, नालबंदी, औषधे, पगार, काहीच स्वस्त नाही, आणि खुल्या दिवसाच्या पैशावर कित्येक तबेल्यांचा पुढचा महिना निघतो. पण राबून झिजलेल्या घोड्याचा औषधोपचार, त्याने गमावलेले महिने, आणि एकदा बिथरलेल्या चांगल्या घोड्याच्या जागी दुसरा तयार करायला लागणारी वर्षे, हेही त्याच वहीत लिहावे लागते. मुलांना सांभाळून घेणारा घोडा विकत मिळत नाही, तो घडवावा लागतो.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात काढाल तेव्हा तिच्याबरोबर घोड्यांचा तक्ताही लावा. प्रवेशाशीच, मोठ्या अक्षरांत. घोड्याचे नाव, त्या दिवशीचे एकूण काम, खोगीर उतरवून विश्रांतीच्या आणि वैरणीच्या वेळा, वजनाची मर्यादा, आणि थांबवण्याचा अधिकार असलेल्या माणसाचे नाव. तक्त्यात घोड्याची वेळ संपली की त्याच्या नावावर रेघ मारा, रांग कितीही लांब असो. हा तक्ता भरायला, सकाळी तापमान घ्यायला, वेळेवर रेघ मारायला मी आणि माझ्यासारखे स्वयंसेवक बिनमोल येऊ. पहिल्या वर्षी फेरी हुकलेल्या मुलांचे पालक नाराज होतील. त्यांना समजावून सांगायला आणि मुलांना नालबंदाकडे घेऊन जायला रांगेच्या तोंडाशी मी उभी राहीन.

कळावे,

आपली,
एक स्वार आणि स्वयंसेवक